झिजलेल्या रंगाची साक्ष

माझ्या भाच्याला विमानांच्या लहान प्रतिकृति करण्याचा छंद आहे. प्लॅस्टिकचे सुटे भाग पेटींत येतात. ते कापावयाचे, घासावयाचे, चिकटवावयाचे, रंगवावयाचे, आणि अखेरीस पाण्यांत भिजविलेल्या कागदावरून सुटणारीं चिन्हें पंखांवर व अंगावर अलगद सरकवून बसवावयाचीं, असा हा उद्योग. येथपर्यंत माझी कांहीं तक्रार नव्हती. परंतु गेल्या पावसाळ्यांत त्यानें एक हरिकेन विमान पुरें केलें, आणि तें पुरें झालें असें ज्या दिवशीं मी समजलों त्याच दिवसापासून त्यानें तें बिघडविण्यास आरंभ केला. तीन आठवडे खपून दिलेला रंग त्यानें बारीक पॉलिशपेपरानें घासला. नव्या कोऱ्या निळ्या चिन्हांवर पातळ पांढुरका रंग फवारून तीं विटकीं केलीं. रुपेरी पेन्सिलीनें ठिकठिकाणीं रंगाचे टवके गेल्याचें दाखविलें. काळ्या खडूची भुकटी बोटानें चोळून एंजिनाच्या धुराड्यांमागें काजळी धरविली. हें सर्व त्यानें इतक्या तन्मयतेनें केलें कीं, त्याला दोन वेळां जेवावयास हांक मारावी लागली.

विमान होतें १९४४ सालचें. अर्जनसिंग यांच्या नेतृत्वाखालीं भारतीय हवाई दलाची जी पहिली स्क्वॉड्रन इंफाळच्या आघाडीवर लढली, तिच्यांतील एका हरिकेनाची ही बाहत्तरांश प्रतिकृति. आमच्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ राहतात. हवाई दलांत यांत्रिक म्हणून त्यांनीं आपल्या उमेदीचीं सारीं वर्षें घालविलीं. भाच्यानें मोठ्या अभिमानानें तें विमान त्यांच्यापुढें नेऊन ठेविलें. त्यांनीं तें उजेडाकडे धरून बराच वेळ न्याहाळलें.

"काय रे," ते म्हणाले, "ह्या विमानाला कोणी वाली नव्हता का?"

"आजोबा, लढाईतलं विमान आहे तें. असंच असायचं."

"असेल बाबा. पण संध्याकाळीं तें परत येत होतं ना? मग रात्रभर त्याच्यापाशीं कोण जागत होतं?"

मुलाचा चेहरा उतरला. त्यांनींही मग चहा मागविला आणि विषय बदलला. पण तो प्रश्न माझ्या मनांतून जाईना.

या छंदांतील हा शेवटचा भाग मला पूर्वींपासूनच खटकत असे. मात्र माझी हरकत निराळी होती. आमच्या देवघरांत कुलस्वामिनीचा एक चांदीचा टाक आहे. चार पिढ्यांच्या हातांनीं तो रोज धुतला, पुसला, गंध लावून पुन्हां धुतला. त्यामुळें देवीचें नाक, डोळे, हातांतील आयुधें हीं सारीं आतां जवळजवळ सपाट झालीं आहेत. एखाद्यानें सराफाकडून नवा टाक आणून तो कानशीनें घासला आणि पिढीजाद म्हणून देव्हाऱ्यांत मांडला, तर त्याला आपण काय म्हणूं? झीज ही कमवावी लागते. भाचा जी झीज त्या विमानाला लावीत होता ती त्यानें कमविलेली नव्हती, विमानानेंही नव्हती. ती दोन संध्याकाळांत टेबलावर तयार झाली होती. ज्या पावसांत कोणी भिजलें नाहीं त्याचे ते ओघळ होते. दुसऱ्यांनीं जीव धोक्यांत घालून भोगलेले दिवस आपण घरीं बसून रंगवावे, यांत मला एक प्रकारचा उथळपणा वाटे.

परंतु विचार करितां ही तुलना लंगडी आहे असें दिसून आलें. टाक स्वतःविषयीं बोलतो. प्रतिकृति दुसऱ्या वस्तूविषयीं बोलते. रंगभूमीवर पंचविशींतला नट पिकली दाढी लावून धृतराष्ट्र होतो, त्याला कोणी लबाड म्हणत नाहीं. आपण त्याला दोष देतों तो निराळ्या कारणासाठीं: आंधळा धृतराष्ट्र समोरच्या माणसाकडे रोखून पाहूं लागला तर. म्हणजे सोंग घेतल्याबद्दल दोष नाहीं. सोंग मोडल्याबद्दल आहे.

आणि झीज मुळींच न दाखविण्यानें तरी आपण सत्याच्या बाजूला राहतों काय? १९४२ सालच्या आरंभीं अमेरिकेच्या नौदलानें तेथील शाळांतील मुलांकडे लांकडी प्रतिकृतींची मागणी केली होती. पन्नास प्रकारचीं विमानें, प्रत्येकाच्या दहा हजार, सर्व बाहत्तरांश. शत्रूचें विमान कोणतें व आपलें कोणतें हें सैनिकांना नुसत्या आकारावरून ओळखतां यावें म्हणून त्या प्रतिकृति सगळ्या काळ्या रंगवीत. त्यांवर चिन्ह नसे, अंक नसे, डाग नसे. त्या काळ्या विमानांना कोणी खोटें म्हणूं शकणार नाहीं, कारण आकाराखेरीज तीं कांहीं बोलतच नसत. पण त्या काळ्या पंखावर एकदां का राष्ट्राचें चिन्ह लावलें, कीं अमुक देश, अमुक साल, अमुक पथक अशी साक्ष सुरू झाली. मग पंख कारखान्यांतून आतांच निघाल्यासारखा चकचकीत ठेवणें हीही एक साक्षच. आणि इंफाळच्या चिखलांत उतरणाऱ्या विमानाबाबत ती खोटी साक्ष आहे.

विमानावरील खुणा दोन जातींच्या असतात: कांहीं लावलेल्या आणि कांहीं लागलेल्या. लावलेल्या खुणा सरकारच्या. १ एप्रिल १९३३ रोजीं कराचीस ड्रिघ रोड येथें चार वापिटी विमानांनिशीं भारतीय हवाई दलाचें पहिलें पथक उभें राहिलें, तेव्हां त्यांच्या पंखांवर इंग्रजांचें तांबडें-पांढरें-निळें वर्तुळ होतें. पुढें जपान युद्धांत उतरल्यावर पूर्वेकडील विमानांवरून १९४२ पासून त्यांतला तांबडा रंग काढून टाकण्यांत आला. घाईंत पाहणाऱ्याला तो जपानी सूर्यबिंबासारखा भासून आपल्याच माणसांकडून गोळी लागूं नये, हा हेतु. अमेरिकनांनींही त्याच वर्षीं आपल्या ताऱ्याच्या पोटांतला तांबडा ठिपका पुसला. इंफाळच्या हरिकेनांवर म्हणून गडद निळें वर्तुळ व आंत फिकट निळा ठिपका एवढेंच राहिलें. १९४७ सालीं त्या जागीं अशोकचक्र आलें, १९५० सालीं केशरी-पांढरें-हिरवें वर्तुळ. सत्ता बदलली कीं हुकूम निघतो आणि एका रात्रींत रंगाचा डबा फिरतो. या खुणांचा इतिहास पुस्तकांत सांपडतो, तारखांसकट सांपडतो. आणि प्रतिकृति करणारे लोक त्याबद्दल एकमेकांशीं कडाक्याचें भांडूं शकतात.

लागलेल्या खुणांना हुकूम नाहीं. उन्हांतील अतिनील किरण रंगाला धरून ठेवणारें तेल किंवा राळ फोडून टाकतात. मग रंगाचे कण सुटे होतात आणि बोट फिरविलें तर पिठासारखी भुकटी बोटाला लागते. चिन्ह फिकें दिसूं लागतें. अमेरिकन सैन्याचा ऑलिव्ह रंग काळ्या आणि पिवळ्या मातकट रंगद्रव्यांचा असे. तो उन्हांत कोठें तपकिरी, कोठें पिवळसर होई, आणि धातूवर एका तऱ्हेनें तर शेपटीच्या कापडी भागांवर दुसऱ्या तऱ्हेनें विटे, त्यामुळें एकच विमान दोन ठिकाणांहून आणून जोडल्यासारखें दिसे. वापिटीच्या कापडावर ॲल्युमिनियमची भुकटी मिसळलेला रुपेरी लेप असे, तो शोभेसाठीं नव्हे. ऊन परतवून कापड वांचविण्यासाठीं. तेथें रंग हीच छत्री होती.

पण ऊनपाऊस ही अर्धी गोष्ट झाली. पंख जेथें अंगाला मिळतो तेथला रंग सर्वांत आधीं जातो, कारण तेथें बूट पडतात. वैमानिकाचे बूट दिवसांतून दोन-चार वेळां पडत असतील. एंजिन पाहणारा फिटर, सांगाडा व कापड पाहणारा रिगर, गोळ्या भरणारे, पेट्रोल ओतणारे, यांचे बूट पहाटेपासून रात्रीपर्यंत पडत. पेट्रोलच्या झांकणाभोंवतीं जो डाग असतो तो त्यांच्या हातून सांडलेल्या थेंबांचा. झांकणांच्या स्क्रूभोंवतीं जे ओरखडे असतात ते त्यांच्या पेंचकसाचे. वैमानिकाच्या बैठकीखालीं त्याचें नांव आणि त्यानें पाडलेल्या विमानांची संख्या रंगविलेली आपण छायाचित्रांत पाहतों. क्वचित् मुख्य यांत्रिकाचेंही नांव तेथें असतें. बाकीच्यांनीं त्या विमानावर मागें ठेविलें तें एवढेंच, कीं तेथला रंग गेला. राष्ट्राचें वर्तुळ ठसठशीत काढावें आणि पंखाच्या मुळाशीं मात्र कोणी पाऊलही ठेविलें नाहीं असें दाखवावें, तर सरकार तेवढें राहतें आणि माणसें पुसलीं जातात. हा विचार सुचला तेव्हां भाच्याच्या उद्योगावरचा माझा राग मावळला.

मावळला, पण शेजाऱ्यांचा प्रश्न तसाच राहिला. कारण ज्यांच्या बुटांनीं रंग गेला तेच लोक रंग टिकवीतही होते. स्पिटफायर व मस्टँग विमानांचे पृष्ठभाग घासून, मेण लावून गुळगुळीत ठेवण्यांत त्यांचे तासन् तास जात. गुळगुळीत पंखामुळें ताशीं कांहीं मैल अधिक मिळत, आणि ते कांहीं मैल एखाद्याचा जीव वांचवूं शकत. फाटलेल्या कापडाला ठिगळ लागे, टवका गेला तेथें ब्रश फिरे, तेल गळालें तें पुसलें जाई. तेव्हां कोणत्याही दिवशीं विमानावर दिसणारी झीज ही त्या हिशोबांतली बाकी होय: एका बाजूला ऊन, पाऊस, धूळ व लढाई, दुसऱ्या बाजूला रात्रीं कंदिलाच्या उजेडांत राबणारीं चार माणसें. ही बाकी मनाला येईल तशी फुगविली तर ती कोणाच्या नांवें पडते? उन्हाच्या नव्हे. शेजारच्या गृहस्थांना जें लागलें तें हेंच. भाच्याला वाटलें, आपण शौर्य दाखवीत आहों. त्यांना दिसली ती एका माणसाची हयगय, जो माणूस कदाचित् तसा नव्हताच.

अशी हयगय एका सबंध राष्ट्राच्या माथीं मारल्याचें उदाहरण या छंदांत प्रसिद्ध आहे. जपानी विमान म्हटलें कीं त्याचा रंग पापुद्र्यांनीं सोललेला दाखवावयाचा, असा प्रघात वर्षानुवर्षें चालत आला. त्यांत तथ्य मुळींच नाहीं असें नव्हे. जपानी भूसेनेच्या कित्येक विमानांवर हिरवा रंग खालीं अस्तर न देतां उघड्या धातूवरच फवारलेला असे आणि तो खरोखरच सोलून निघे. परंतु नौदलाच्या झीरो विमानांच्या रंगाखालीं अस्तर असे व त्यांचा रंग बराच तग धरी. मग सरसकट सर्वांना तो रोग कोठून लागला? बहुतेक छायाचित्रांतून. न्यू गिनीमधील लाए येथील धावपट्टी सप्टेंबर १९४३ मध्यें दोस्तांच्या हातीं आली, तेव्हां तेथें टाकून दिलेलीं विमानें सांपडलीं. अशींच पुढें अनेक ठिकाणीं सांपडलीं. त्यांचीं छायाचित्रें निघालीं आणि तीं प्रमाण झालीं. पण टाकून दिलेलें विमान म्हणजे ज्याचा यांत्रिक मेला किंवा पळाला तें विमान. उष्ण कटिबंधांतील ऊन त्यावर एकटेंच हिशोब लिहीत बसलेलें. ओसाड घराच्या पडक्या भिंती पाहून या घरच्या बायका सारवीत नसत असा निष्कर्ष काढण्यासारखें हें आहे.

शिवाय त्या काळच्या काळ्या-पांढऱ्या छायाचित्रावर विसंबणें हाही एक धोकाच. जुन्या जातीच्या फिल्मला तांबडा रंग दिसत नसे. तांबडें तें काळें उमटे, पिवळेंही गडद होई, आणि निळें मात्र फिकट. खरोखर विटलेलें निळें चिन्ह कोणतें आणि फिल्मनेंच फिकें केलेलें कोणतें, हें कळावयास फिल्मची जात आधीं कळली पाहिजे.

साक्ष खोटी पडते ती पुष्कळदां अशा बारकाव्यांत, आणि तिचा उलटतपास घेणें कठीण नसतें. १९४० सालच्या आठ बंदुकांच्या हरिकेन-स्पिटफायरांमध्यें बंदुकांच्या तोंडांवर कापडी चकत्या चिकटवीत, कीं आंत धूळ व ओल जाऊं नये. पहिली गोळी सुटली कीं चकती फाटे. विमान परत येतांना फाटलेल्या चकत्या पाहून खालच्या मंडळींना कळे कीं आज गांठ पडली. आतां प्रतिकृतींत चकत्या अखंड आणि पंखाखालीं मात्र धुराचे काळे पट्टे, असें जो रंगवितो तो साक्षीदार पहिल्याच प्रश्नाला अडखळतो. आमच्या भाच्याचेंही असेंच झालें होतें. हरिकेनाच्या अंगाचा मागचा अर्धा भाग कापडानें मढविलेला असतो. त्या कापडावर त्यानें रुपेरी पेन्सिलीनें धातू चमकविला होता! आणि मापाचें काय? बाहत्तरांश प्रमाणांत अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका म्हणजे खऱ्या विमानावर छत्तीस मिलिमीटरचा खड्डा, चांगला दोन बोटें रुंद. असे पन्नास ठिपके दिलेलें विमान कोणत्या अधिकाऱ्यानें उडूं दिलें असतें? खरें पाहतां दोन फुटांवरून पाहिलेली प्रतिकृति म्हणजे एकशें चव्वेचाळीस फुटांवरून पाहिलेलें विमान; इतक्या दुरून बहुतेक टवके दिसतच नाहींत, आणि रंगही हवेच्या पडद्यामुळें थोडा फिकट वाटतो. म्हणून जाणते लोक मूळ रंगांतच किंचित् पांढरा मिसळतात. थोडी अतिशयोक्ति नटाच्या दाढीइतकी क्षम्य आहे. किती, हें ज्यानें त्यानें ठरवावें.

एक गोष्ट मात्र मला या सर्वांहून अधिक अस्वस्थ करिते. कित्येक लढाऊ विमानें विटण्याइतकीं जगलींच नाहींत. १९४० च्या त्या उन्हाळ्यांत कारखान्यांतून आलेलें नवें विमान कांहीं आठवड्यांत, कधीं कांहीं दिवसांत, समुद्रांत गेलेलें असे. त्याच्या चिन्हांचा रंग जसाच्या तसा होता. फिकटपणा हें वांचलेल्यांचें भाग्य. अशा एखाद्या विमानाची प्रतिकृति करितांना त्याला उन्हाचा विटका रंग देणें म्हणजे त्याला न मिळालेलें आयुष्य बहाल करणें होय. यामागें दयाबुद्धीही असूं शकेल, पण तें खरें नव्हे. तेथें कोरें करकरीत चिन्हच ठेविलें पाहिजे. आणि ज्याला तारखा ठाऊक आहेत त्याला त्या कोऱ्या चिन्हाकडे फार वेळ पाहवणार नाहीं.

खऱ्या विमानांचेंही पुष्कळदां प्रतिकृतींसारखेंच होतें. महायुद्ध संपल्यावर इंग्रजांनीं कानपुरास मोडींत टाकलेलीं लिबरेटर विमानें आपल्या लोकांनीं उडण्याजोगीं करून बंगलोरास नेलीं, हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारखान्यांत नीट केलीं, आणि आपल्या हवाई दलानें तीं १९६८ पर्यंत वापरलीं. त्यांपैकीं एक पुढें अमेरिकेंतील कॉलिंग्ज फाउंडेशनकडे गेलें व तेथें पुन्हां उडूं लागलें. त्यावर आधीं 'ऑल अमेरिकन' असें नांव आलें, मग 'ड्रॅगन अँड हिज टेल', आणि २००५ पासून 'विचक्राफ्ट'. हीं तिन्ही दुसऱ्या विमानांचीं नांवें. वीस वर्षें त्याला ज्यांनीं जिवंत ठेविलें त्यांच्या हातांची खूण त्या रंगाखालीं गेली. त्या संस्थेला मी दोष देत नाहीं. ज्या माणसांच्या स्मरणासाठीं तें रंगविलें तीं माणसेंही खरींच होतीं. उलट लंडनजवळ हेंडन येथील संग्रहालयांत एक हॅलिफॅक्स बाँबफेकी विमान आहे. एप्रिल १९४२ मध्यें तें नॉर्वेंतील गोठलेल्या सरोवरावर उतरलें, मग बुडालें, १९७३ सालीं वर काढलें, आणि तें जसें निघालें जवळजवळ तसेंच ठेविलें. तेथें कोणाला ब्रश लावण्याचा धीर झाला नाहीं, हें बरें झालें.

भाच्यानें हरिकेन पुन्हां कामाला घेतलें. शेजाऱ्यांनीं त्याला इतकेंच सांगितलें होतें, "चढायची बाजू ठरलेली असते; तुझ्या विमानाची कोणती तें शोध." त्यानें शोधलें: पाय ठेवण्याची कडी डाव्या अंगाला असते. मग उजव्या पंखाचे टवके त्यानें रंग देऊन बुजविले, डावीकडचे निम्मे ठेविले, कापडावरचा रुपेरी चमचमाट साफ काढला. चिन्हांचा फिकेपणा तेवढा राहूं दिला. इंफाळचें ऊन तो कमी करूं शकत नव्हता. आणि शेपटीजवळ, विटक्या हिरव्या रंगांत, दीड मिलिमीटरचा एक चौकोन त्यानें ताज्या गडद हिरव्या रंगाचा बसविला. गोळी लागून फाटलेल्या कापडाला कोणीतरी त्या आठवड्यांत लावलेलें ठिगळ.

शेजाऱ्यांनीं या खेपेस चष्मा पुसून घेतला. त्यांनीं आधीं डावा पंख पाहिला, मग उजवा, मग त्या चौकोनावर नख ठेविलें.

"कडा जाड राहिली," ते म्हणाले. "आम्ही इतकी राहूं दिली नसती."